कवळीचं फिनिशिंग

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. आणि तोंडात चहाचा घोट असेल तर तो गिळून घ्या. मागच्या वेळी हा प्रकार सांगितला तेव्हा समोरच्याच्या नाकातनं चहा आला आणि माझा पांढरा शर्ट कायमचा गेला.

माझी शोभा मी स्वतः करून घेतली. स्वतःच्या हातानं, स्वतःच्या ग्राइंडरनं. दुसऱ्या कुणाला दोष द्यायला जागाच ठेवली नाही बघा.

तुम्ही म्हणाल, कवळीचा आणि ग्राइंडरचा काय संबंध? अहो, तेच माझ्या बायकोनं विचारलं. तेच डॉक्टरीणबाईंनी विचारलं. आणि ऐन सोयरिकीच्या जेवणात, भरल्या पंगतीत, तेच माझ्या होणाऱ्या व्याह्यांनी विचारलं!

तर ऐका. मी उभी नोकरी शिरोली एमआयडीसीत केली, एका फौंड्रीत. फेटलिंग खात्याचा सुपरवायझर. फेटलिंग म्हणजे काय? साच्यात लोखंड ओतलं, थंड झालं, की कास्टिंग बाहेर येतं. ते काही नटूनथटून येत नाही. कडेला पापुद्रे असतात, अंगावर टोकं असतात, आणि वितळलेलं लोखंड आत जायला जी वाट ठेवलेली असते तिचा दांडाही तसाच चिकटलेला असतो. हे सगळं जादा मटेरियल तोडायचं, घासायचं आणि माल गुळगुळीत करून पुढं पाठवायचा. उभा जन्म मी हेच केलं. रिटायर होताना लोकांना शाल आणि नारळ मिळतो. मला शाल, नारळ आणि एक पेन्सिल ग्राइंडर मिळाला, पेनासारखं हातात धरून घासायचं यंत्र. सोबत्यांनी वर्गणी काढून दिला हो! घेताना मला रडू आलं होतं. नंतर त्याच ग्राइंडरनं सगळ्यांना रडवलं, ती गोष्ट वेगळी.

आता दात. माझे दात तंबाखूनं नेले. थोडे आपले आपण गेले, उरलेले हलत होते. पण होते! आणि ते होते तोवर मी बोलत होतो. माझं बोलणं तुम्हाला माहीत आहेच. बायको, शालन, म्हणते की ह्यांना झोपेत तरी गप्प बसवायचं औषध असतं तर बरं झालं असतं.

आमची एकुलती एक लेक अश्विनी. एका साखर कारखान्याच्या ऑफिसात कामाला. तिथलाच विक्रम, कागलकडचा, हायवे सोडून आत गाव आहे त्यांचं. दोघांचं आपापसात जमलेलं. पोरीनं आईला सांगितलं, आईनं मला सांगितलं, मी एक दिवस रागावून बघितलं, मग मलाच ते पोरगं आवडलं. रीतसर बघायचा कार्यक्रम ठेवला. त्याचे आईवडील आमच्याकडं आले. त्या दिवशी पोहे सगळ्यांनी खाल्ले आणि बोललो एकटा मी. फौंड्री सांगितली, राजकारण सांगितलं, रंकाळ्याचं पाणी सांगितलं, रश्शात खोबरं किती घालावं तेही सांगितलं. विक्रमचे वडील महादेवराव, शेतकरी माणूस, तोंडाचा आ करून ऐकत होते.

त्यांना मुलगी पसंत पडली. आता राहिलं आमचं त्यांच्याकडं घर बघायला जाणं. पण मधे ऊसतोड आली, ती लांबली, आणि तेवढ्या वेळात माझ्या उरलेल्या दातांनीही हात टेकले. डॉक्टरीणबाईंनी सगळे काढले. हिरड्या भरल्यावर मापं घेतली आणि वरची-खालची अख्खी कवळी बसवली.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्या अश्विनीएवढ्या. मला काका म्हणतात. म्हणाल्या, "काका, सुरुवातीला टोचेल. टोचलं की माझ्याकडं या, जिथं लागतंय तिथं मी घासून देते. घरी काही करायचं नाही."

आता मला सांगा, उभा जन्म घासकाम केलेल्या माणसाला हे असं बोलतात का?

टोचायला लागलीच. गालाच्या आत दोन्हीकडं टोचायची. वर मळमळायचं. जेवणाची चव कळेना, कारण जीभ लावीन तिथं प्लॅस्टिक. तुम्ही वरची कवळी हातात घेऊन बघितलीय का कधी? दातांची कमान असते ती असू दे. पण मधे सगळ्या टाळ्यावर बसेल असा एक गुलाबी पत्रा असतो. एवढा मोठा! मी तो उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. आणि माझ्या लक्षात आलं. अरे, ह्याचं फेटलिंगच झालेलं नाही! साच्यातनं काढली आणि तशीच गिऱ्हाइकाच्या तोंडात घातली. दात वरच्या कमानीला आहेत, चावायचं त्यांनी आहे, मग मधला पत्रा कशाला? जादा मटेरियल!

पोरगी शिकलेली आहे, पण माल कच्चा सोडतेय, असं मी मनात म्हटलं. राग नाही आला. कीव आली बघा.

शालन भिशीला गेल्यावर मी गच्चीवर गेलो. चष्मा लावला, ग्राइंडर लावला. आधी कडा घेतल्या. मग टाळ्याचा पत्रा कमानीच्या आतनं गोल कापून काढला. काय सुरेख कट बसला म्हणून सांगू! पॉलिश पेपर मारला, वर शालनची भांडी घासायची पावडर लावून चकचकीत केली. तोंडात घातली. हलकी! मोकळी! किती दिवसांनी जिभेला स्वतःचा टाळा लागला! खालच्या दातांवर वरचे दात टेकवून आरशात हसलो. एकदम वरपक्षाकडनं आलेल्या माणसासारखा दिसत होतो. मग उद्यासाठी जपून डबीत ठेवली.

संध्याकाळी मला खुशीत बघून शालननं विचारलं, "आज टोचंना व्हय?"

"डॉक्टरनं घासून दिली," मी म्हटलं.

खोटं बोललो. पण म्हटलं, काम तर डॉक्टरपेक्षा भारी झालंय, नाव तिचं होऊ दे.

दुसऱ्याच दिवशी कागलला जायचं होतं. निघताना अश्विनी माझ्याजवळ आली. मुलगी काही घर बघायला येत नाही, ती घरीच राहणार होती. माझी कॉलर सारखी करत म्हणाली, "बाबा, एक सांगू? मागं विक्रमसाठी एक ठिकाण आलं होतं. ते लोक घर बघायला गेले, खेडं बघितलं, गोठा बघितला आणि एक अक्षर न बोलता निघून गेले. मग नकार. तेव्हापासून विक्रमचे पप्पा कुणी घर बघायला येणार म्हटलं की रात्रभर झोपत नाहीत. तुम्ही आवडलाय त्यांना. तुझे बाबा बोलत असले की घर भरल्यासारखं वाटतं, म्हणाले. तुम्ही फक्त नेहमीसारखं बोला."

"एवढंच ना?" मी म्हटलं. "बोलण्याची काळजी तू माझ्याबाबतीत करतेस?"

मी डबीतली कवळी तोंडात घातली आणि निघालो. गाडीत पुढं माझा मेहुणा दिलीप बसला, मागं मी आणि शालन. दिलीप म्हणजे चालतंबोलतं वर्तमानपत्र. त्याच्या कानावर सकाळी काही पडलं की दुपारपर्यंत अख्ख्या कोल्हापूरला माहीत. ह्याला न्यायचा नव्हता, पण सोयरिकीत मामाला टाळून कसं चालेल?

हायवेला लागल्यावर मी त्याला काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि वरची कवळी सुटून खालच्या कवळीवर आपटली. टक्क!

"काय वाजलं ओ दाजी?" दिलीप वळून म्हणाला. "गाडीचं काय सुटलं काय?"

ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडलं. दोघं आत वाकले, शालनही उतरून बघायला गेली. मी तोपर्यंत खिडकीकडं तोंड फिरवून जिभेनं कवळी वर ढकलली, पुन्हा तोंड उघडून बघितलं. टक्क!

"आत्ता परत वाजलं! आणि इंजन तर बंद हाय!" ड्रायव्हर घाबरला.

 तोंड मिटून दातावर दात दाबून धरले तर कवळी जागेवर राहत होती. तोंड उघडलं की खाली. अक्षर काढलं की खाली.

आता तुम्ही म्हणाल, मग काढून खिशात टाकायची. कशी टाकू? एक तर शालनला खोटं सांगितलेलं. दुसरं म्हणजे समोर दिलीप! आणि तिसरं, खरं सांगतो, होणाऱ्या व्याह्यांच्या दारात बोळकं घेऊन उतरायचं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, दाबून धरू. चहा घेऊ, घर बघू, हसू आणि परत येऊ. हसूसुद्धा मिटल्या तोंडानं.

महादेवराव दारातच उभे होते. धुतलेला लेंगा, डोक्याला नवी टोपी. मागं विक्रम, इस्त्रीचा शर्ट घालून.

"या या पावणं! वाट घावली न्हवं?"

मी मान हलवली.

"परवास बरा झाला?"

मी मान हलवली.

"च्या घेणार का दूध?"

आता ह्याला मान हलवून काय उत्तर देणार? मी तिथंही हलवली. दोन्ही आलं.

शालन आत बायकांत गेली. आम्ही पुरुष सोप्यात बसलो. महादेवराव माझ्याकडं बघत होते. मागच्या वेळी ज्यानं त्यांना पाण्याचा घोट घ्यायला उसंत दिली नव्हती, तो माणूस आता भिंतीकडं बघून दूध पीत होता.

"पावणं, तब्बेत बरी हाय न्हवं?"

मी मान हलवली आणि डोळ्यांनी हसायचा प्रयत्न केला. डोळ्यांनी हसणं सोपं नसतं बरं का. बघणाऱ्याला वाटतं की हा रोखून बघतोय.

"तब्बेत झकास हाय," दिलीप मधे पडला. "दाजी इचार करालेत. पोरगी द्यायची म्हंजे माणूस धा बाजूनं इचार करतोय की."

झालं! त्या क्षणापासून दिलीप माझा वकील झाला. मी नेमलेला नाही, स्वतःहून.

घर दाखवायला निघालो. भिंतींना नवा रंग दिलेला. एका खोलीचं दार महादेवरावांनी उघडलं आणि जरा लाजतच म्हणाले, "पोरगी शेरात वाढलेली. रातचं आंगणात जायला नको वाटंल तिला. म्हणून न्हाणीघर आतच काढलं. फरशीबी तिच्याच आवडीची हाय, विक्रमनं इचारलंतं."

अहो, माझं काळीज हललं. सून यायच्या आधी तिच्यासाठी भिंत फोडून न्हाणीघर काढणारा सासरा कुणाला मिळतो? मला म्हणायचं होतं, महादेवराव, पोरीनं नशीब काढलं! पण तोंडातनं बाहेर पडलं, "हं."

"दाजींनी बघून ठिवलं," दिलीप म्हणाला.

महादेवरावांचा चेहरा जरा उतरला. त्यांनी दार हळूच ओढून घेतलं.

मग गोठा. धिप्पाड म्हशी, स्वच्छ गोठा, फरशीत तोंड दिसावं इतका. पण वैरणीची धूळ माझ्या नाकात गेली आणि शिंक येऊ घातली. आता शिंक म्हणजे कवळी थेट गव्हाणीत! मी घाईघाईनं रुमाल काढून नाकातोंडावर गच्च दाबला.

"दाजीस्नी वासाचं जमत न्हाय," दिलीप म्हणाला.

नाही नाही! मी मोकळा हात जोरजोरात हलवला.

"लईच तरास व्हतोय त्यास्नी. चला, चला, भाईर."

"आगं, ऊद आणा गं कुणीतरी!" महादेवराव ओरडले. विक्रमची आई धुपाटणं घेऊन पळत आली. गोठ्यात ऊद फिरवला. म्हशी माझ्याकडं बघायला लागल्या. त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणी असं वागवत होतं.

महादेवराव माझ्याजवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "पावणं, गोठा मागं न्हेतो की. लग्नाच्या आत न्हेतो. त्येचं मनावर घिऊ नका."

मला एवढं वाईट वाटलं म्हणून सांगू! मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मान हलवली, म्हणजे अहो कशाला, राहू दे.

"दाजी म्हणत्यात, तेवढं कराच," दिलीपनं भाषांतर केलं.

त्याच्या पायावर मी पाय दिला. त्यानं पाय बाजूला घेतला आणि म्हणाला, "सॉरी दाजी." बघा! बोलल्याशिवाय ह्या जगात काही पोचत नाही.

मी त्याला खुणेनं कोपऱ्यात घेतलं. ठरवलं, आता सांगायचं. अख्ख्या कोल्हापूरला कळू दे. तोंडापाशी हात नेला, कवळी काढणार, तेवढ्यात विक्रम आला. "मामा, पप्पा विचारतात, पानं घ्यायची का?"

"घ्या घ्या," दिलीप म्हणाला. मग माझ्या तोंडापाशी गेलेला हात बघून म्हणाला, "दाजीस्नी भूक लागलीया."

आता पंगतीचं तुम्हाला नीट सांगायला पाहिजे. आमच्या भागात सोयरिकीत नकार कुणी तोंडानं देत नाही. समोरच्याचा अपमान होतो. घर बघायला गेलेल्या माणसाला जागा पसंत नसली तर तो नुसता ताट राखतो. पाणी पिईल, रस्सा तोंडाला लावील, पण भाकरी मोडायचा नाही, मटणाला हात लावायचा नाही. यजमान काय समजायचं ते समजतो, हात जोडतो, आणि दोन्ही बाजू गोड बोलून गाडीत बसतात. कुणाचा शब्द नाही, कुणाचं भांडण नाही.

हे मला माहीत नव्हतं का? मीच चारचौघांत सांगत आलोय. पण त्या वेळी डोक्यात फक्त कवळी होती!

ताट आलं. ज्वारीची भाकरी, मटण, तांबडा, पांढरा. तो वास! मी भाकरीचा इवलासा तुकडा मोडला, रश्शात भिजवला आणि ओठ जेमतेम उघडून आत सारला. तो नेमका वरच्या कवळीखाली गेला. कवळी तिरकी झाली. मी रुमाल लावून पाणी प्यायलो, ते सगळं कसंबसं गिळलं आणि कानाला खडा लावला. मग पांढऱ्या रश्श्याची वाटी उचलली आणि ओठांच्या फटीतनं ओढून घेतली. दुसरी घेतली. तिसरी घेतली. विक्रम वाढत होता, मी ओढत होतो.

"पावणं, फोडी घ्या की."

मी ताटावर आडवा हात धरला.

"मटान शिजलं न्हाय व्हय गं?" महादेवरावांनी आत वळून विचारलं. "बग जरा!"

"कापसागत झालंय की!" आतनं विक्रमच्या आईचा आवाज आला. त्यात भीती होती.

महादेवराव उठले. स्वतःच्या हातानं पातेल्यातनं चांगली नळी आणि दोन मऊ फोडी निवडून वाटीत आणल्या आणि माझ्या ताटाशी बसले. "माझ्या हातनं एक तरी घ्या."

मी दोन्ही हात जोडले.

सगळी पंगत थांबली. दिलीपचासुद्धा घास हातात राहिला. एवढा बोलका माणूस, पण हात जोडल्याचं भाषांतर त्यालाही करवेना. माजघराच्या दारात शालन येऊन उभी राहिली होती. ती माझ्याकडं असं बघत होती की हा माणूस आपण लग्न करून आणलेला नव्हेच.

महादेवरावांनी हातातली फोड परत वाटीत ठेवली. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"पावणं," ते म्हणाले, "आमी खेड्यातली माणसं. आमचं काय चुकलं आसंल तर माफी करा. पर एक सांगा, आमच्यात काय कमी वाटलं? गोठा न्हेतो म्हटलं. घर पायजे तर दुसरं बांधतो. पोरानं लई जीव लावलाय ओ तुमच्या पोरीला."

विक्रमच्या हातात रश्श्याचं पातेलं होतं. त्यानं ते खाली ठेवलं. तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजायला लागला. त्यानं काढून बघितलं, आणि न उचलता परत खिशात टाकला. कुणाचा फोन, मला सांगायला नको होतं. घरी माझी पोर बसली होती, बाबा काय काय बोलले ते ऐकायला.

 मला स्वतःची एवढी लाज वाटली की दातांची लाज त्यापुढं काहीच नाही. कसला तो रुबाब, कसले ते दात! मी रुमाल टाकला, तोंडात बोट घातलं, वरची कवळी काढली, खालची काढली आणि दोन्ही ताटाच्या कडेला, मिठाशेजारी ठेवल्या.

आणि बोललो!

"पशंत हाय!" मी ओरडलो. बोळक्यातनं निम्मी हवाच येत होती, पण आवाज माझाच होता. "पोरगं पशंत, घर पशंत, न्हाणीघर पशंत! गोठा हलवला तर मी शोयरीक मोडीन! म्हशी त्यांच्या जागी ऱ्हाऊ द्या! मटणाच्या वाशानं जीव चाल्लाय माझा, पण खाऊ कशानं? दात थांबंनात!"

 सगळे माझ्याकडं बघत होते, मग ताटाकडं, मग परत माझ्याकडं.

दिलीप म्हणाला, "दाजी, मग वासाचं?"

"तू गप!"

महादेवरावांनी वरची कवळी हळूच उचलली. उजेडात धरली. मधनं आरपार दिसत होतं. त्यातनं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "पावणं, ह्येचं मधलं कुठं गेलं?"

"कापलं."

"कुणी?"

"मीच. ग्राइंडरनं."

"डॉक्टरनं घासली म्हणालासा!" दारातनं शालन किंचाळली.

पहिल्यांदा हसले ते महादेवराव. असले हसले, असले हसले की टोपी गुडघ्यावरनं रश्शात पडायची राहिली. मग विक्रम हसला, मग आतल्या बायका. दिलीप तर पंगतीतनं उठून अंगणात जाऊन हसून आला. आणि हसता हसता महादेवरावांचे डोळे वाहायला लागले ते काही थांबेनात. ते टोपीनं डोळे पुसत म्हणाले, "आवं, सकाळपासनं जीव टांगणीला लागलाता. मागल्या खेपंला तुमी लई बडबडलासा, तवा म्हटलं, माणूस मोकळा हाय. आज गप बसलासा, तर मला वाटलं, बाबा, ह्यो लई मोठा माणूस. लई बारीक नजर, लई तोलूनमापून. आपण ह्याच्या जोडीला बसत न्हाय."

"आणि आता?"

"आता काय! आमच्यातलंच हायसा की!"

विक्रमनं फोन काढला आणि अंगणात गेला. काय बोलला माहीत नाही, पण परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

मग विक्रमची आई एक वाडगा घेऊन आली. तिनं मटणाच्या फोडी हाडावरनं सोडवून, बोटांनी बारीक बारीक करून, पांढऱ्या रश्श्यात भाताबरोबर कालवल्या होत्या. लहान लेकराला कालवतात तसं. माझ्यापुढं ठेवून गेली. अहो, मी जेवलो! हिरड्यांनी, जिभेनं, आणि मिळेल त्यानं जेवलो. डोळ्यांत पाणी आलं. दिलीपनं विचारलं तर तिखटानं आलं म्हणून सांगितलं. पांढऱ्या रश्शाला कुठलं तिखट, पण त्या दिवशी त्यानंही ते तसंच राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी शालन मला हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. एकट्याला सोडायला तयार नव्हती. डॉक्टरीणबाईंनी कवळी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"काका, हे काय केलंत?"

"जादा मटेरियल होतं," मी म्हटलं.

"अहो, ती मधली पट्टी आणि कडा टाळ्याला घट्ट बसतात, मधली हवा निघून जाते, त्यावरच तर सगळी कवळी वर धरलेली असते! तुम्ही कापलंत काय, तर जे धरून ठेवतं तेच!" मग कवळीच्या कडेवरनं बोट फिरवत म्हणाल्या, "फिनिशिंग मात्र सुंदर आलंय."

मला जरा बरं वाटलं. पण शालननं माझ्याकडं बघितलं आणि ते बरं वाटणं मी गिळून टाकलं.

पुन्हा मापं घेतली. नवी कवळी करायची ठरली. मी तिथंच शपथ घेतली की नवीला नखसुद्धा लावणार नाही. निघताना डॉक्टरीणबाईंनी जुनी कवळी उचलली आणि कचऱ्याच्या डब्याकडं हात नेला.

"काकू, ही आता काही कामाची नाही. टाकून देऊ ना?"

"आवं, टाकू नका!" शालननं जवळजवळ झडप घातली. कवळी घेतली, कागदात गुंडाळली आणि पर्समध्ये ठेवली. "म्होरल्या म्हैन्यात लग्नाची बैठक हाय. तवा ह्यास्नी हीच घालणार हाय मी. ही तोंडात असली की लोकं ह्यास्नी शानं समजत्यात!"